जुन्या गाडीच्या एसीतील गॅसगळती : शोधापासून चार्जिंगपर्यंत

जुन्या गाडीचा एसी थंडावा देईनासा झाला, की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो : गॅस संपला आहे, भरून घ्या. या सल्ल्यातला ‘संपला’ हा शब्द नवख्या माणसाची फसगत करतो. पेट्रोल जळून संपते तसा एसीतला गॅस संपत नाही. तो एका बंद चक्रात वर्षानुवर्षे तोच तो फिरत असतो. रबरी नळ्यांच्या अंगातून वर्षाकाठी थोडे ग्रॅम झिरपतात हे खरे, आणि त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या गाडीत एकदा गॅस भरावा लागला तर त्यात वावगे काही नाही. पण मागच्या मार्चमध्ये भरलेला गॅस या मार्चमध्ये उरलेला नसेल, तर कुठेतरी गळती आहे, आणि ती बंद केल्याशिवाय भरलेला प्रत्येक ग्रॅम हवेतच जाणार आहे.

माझ्या २००४ सालच्या पेट्रोल गाडीत लागोपाठ दोन उन्हाळे असाच गॅस भरला गेला. दोन्ही वेळा काम अर्ध्या तासात उरकले आणि दोन्ही वेळा दिवाळीपर्यंत हवा कोमट झाली. तिसऱ्या वर्षी मी स्वतः बॉनेट उघडून, बॅटरी घेऊन एकेक सांधा पाहू लागलो, तेव्हा पुढच्या जाळीमागे कंडेन्सरला येऊन मिळणाऱ्या बारीक नळीच्या सांध्याभोवती जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा काळपट डाग दिसला. आजूबाजूची धूळ कोरडी आणि भुरकट होती. तेवढीच जागा बोटाला चिकट लागत होती. दोष होता तो आतल्या एका ओ-रिंगमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरी कडीमध्ये. तेव्हापासून मी गॅस भरण्याच्या आधी गळती शोधण्याचा आग्रह धरत आलो आहे, आणि या लेखातला सर्वांत मोठा भागही शोधासाठीच राखला आहे.

पुढील माहिती आर-१३४ए हा गॅस वापरणाऱ्या आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा, क्लच (म्हणजे पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारा-सोडणारा भाग; गिअरचा क्लच नव्हे) असलेला कॉम्प्रेसर बसवलेल्या गाड्यांसाठी आहे. आपल्या रस्त्यांवर २००० ते २०१२ या काळातल्या ज्या छोट्या गाड्या अजून धावतात, त्या जवळजवळ सगळ्या यात येतात. बॅटरीवर किंवा हायब्रिड पद्धतीने चालणाऱ्या गाडीला मात्र ही पद्धत लावू नये. तिथे कॉम्प्रेसर उच्च विद्युतदाबावर चालतो आणि त्याचे तेलही वेगळे असते.

गॅसचा प्रवास

चक्र एकदा डोळ्यांसमोर आले, की गळती शोधणे निम्मे सोपे होते. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. हा तप्त गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, तिथे वाऱ्याने आणि पंख्याने निवतो आणि त्याचा द्रव होतो. हा द्रव रिसीव्हर ड्रायर नावाच्या लहान डब्यातून पुढे जातो. त्या डब्यात पाणी शोषून घेणारे दाणे असतात. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून द्रव एकदम कमी दाबाच्या भागात शिरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळू लागतो. वातावरणाच्या दाबाला आर-१३४ए उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणून उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो. ती थंड झालेली हवा आपल्या तोंडावर येते आणि गॅस पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो.

या प्रवासात गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. दुरुस्तीच्या दृष्टीने ही फार उपयोगाची गोष्ट आहे, कारण गॅस बाहेर पडताना थोडे तेल सोबत घेऊन येतो. गॅस उडून जातो, तेल मागे राहते आणि त्यावर धूळ बसते. दुसरी बाजू अशी, की गॅस फार कमी झाला तर तेल कॉम्प्रेसरपर्यंत नीट परतत नाही. म्हणून गाडीत एक प्रेशर स्विच दिलेला असतो, जो दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की क्लच लागूच देत नाही. या स्विचच्या दोन तारा परस्पर जोडून कॉम्प्रेसर चालू करून दाखवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. आपल्या गाडीत ती करू देऊ नये. तेलावाचून फिरलेला कॉम्प्रेसर जॅम होतो आणि लहानशा गळतीच्या जागी कॉम्प्रेसरचा खर्च अंगावर येतो.

खरोखर गॅसच गळतो आहे का?

गाडीखाली टपकणारे स्वच्छ पाणी ही गळती नव्हे. कॉइलवर हवेतली वाफ निवून पाणी होते आणि ते निचऱ्याच्या नळीने खाली पडते. जूनमध्ये मुंबईत किंवा पणजीत ते अधिक पडणार, मेमध्ये नागपुरात कमी. पाणी खाली न पडता चालकाशेजारच्या आसनापुढचा गालिचा ओला होत असेल, तर निचऱ्याच्या नळीत माती, पाने किंवा कीटकांचे घरटे अडकले आहे. खालच्या बाजूने मऊ तारेने किंवा हलक्या हवेने ती मोकळी केली, की काम झाले.

थंडावा कमी होण्याची इतरही साधी कारणे असतात, ती आधी बाजूला काढावीत. एसी चालू केल्यावर कॉम्प्रेसरच्या पुलीचा पुढचा भाग ‘टक्’ आवाज करून फिरू लागतो का, ते पाहावे. कंडेन्सरचा पंखा फिरतो का, ते पाहावे. थांबलेल्या गाडीत हवा कोमट आणि महामार्गावर थंड येत असेल, तर संशय पंख्यावरच घ्यावा. ब्लोअरची हवाच कमी येत असेल, तर कॉइलवर किंवा हवेच्या फिल्टरवर धूळ साचली आहे. थोडा वेळ थंड, मग कोमट, गाडी बंद ठेवून पुन्हा चालू केली की परत थंड, असे होत असेल, तर आत शिरलेले पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठत असण्याची शक्यता मोठी.

यानंतर गेज लावावा. दोन घड्याळांच्या या संचाला मॅनिफोल्ड गेज म्हणतात. निळी नळी कमी दाबाच्या बाजूला, लाल नळी जास्त दाबाच्या बाजूला आणि मधली पिवळी नळी व्हॅक्यूम पंप किंवा गॅसच्या डब्यासाठी असते. आर-१३४एच्या दोन्ही बाजूंच्या तोंडांचे माप वेगळे असल्यामुळे नळ्यांची अदलाबदल होत नाही. इंजिन दोन-तीन तास बंद असताना दोन्ही काटे सारखाच दाब दाखवतात, आणि आत थोडा तरी द्रव शिल्लक असेल तर तो दाब केवळ तापमानावर ठरतो : २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), ३० अंशांना सुमारे ९७, ३५ अंशांना सुमारे ११४. येथे नवखा माणूस हमखास चुकतो. ३० अंशांना ९७ पीएसआय दिसले म्हणजे गॅस पुरेसा आहे असे मुळीच नाही. निम्मा गॅस उडालेला असतानाही काटा तिथेच थांबतो. दाब याहून स्पष्टपणे कमी असेल तेव्हाच त्यावरून निष्कर्ष निघतो, आणि तो असा, की आत द्रव उरलेलाच नाही.

इंजिन चालू करून, एसी पूर्ण क्षमतेवर ठेवून, दारे उघडी ठेवून पुन्हा वाचन घ्यावे. ३० ते ३५ अंशांच्या दिवशी निरोगी गाडीत निळा काटा साधारण २५ ते ४० आणि लाल काटा १५० ते २५० पीएसआयच्या दरम्यान राहतो. दोन्ही काटे खाली असतील, तर गॅस कमी आहे. दोन्ही वर असतील, तर गॅस जास्त भरलेला आहे, आत हवा शिरली आहे किंवा कंडेन्सर निवत नाही. अशा गाडीत आणखी गॅस भरणे घातक ठरते.

काम सुरू करण्यापूर्वी

डोळ्यांवर बंद चष्मा आणि हातांत मोजे असल्याशिवाय एकही नळी सोडू नये. द्रव गॅसचा थेंब त्वचेवर किंवा डोळ्यात पडला तर तिथली ऊती गोठते. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, म्हणून गॅरेजच्या खड्ड्यात उतरून किंवा बंद तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नये. जवळ ज्योत, विडी-सिगारेट, वेल्डिंग काहीही नको. तापलेल्या ज्योतीत या गॅसचे विघटन होऊन विषारी, आम्लधर्मी वायू तयार होतात.

आत उरलेला गॅस पिन दाबून हवेत सोडून देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवामान तापवण्याची त्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट मोजली जाते. म्हणजे ४५० ग्रॅमचा एक डबा हवेत सोडणे हे सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. अशाच वायूंचा वापर घटवण्यासाठी २०१६ साली किगाली येथे करार झाला आणि भारताने तो २०२१ साली मान्य केला. ज्या गॅरेजात गॅस परत ओढून घेणारे रिकव्हरी मशीन आहे, तिथे जाऊन आधी गॅस काढून घ्यावा आणि किती ग्रॅम निघाला ते लिहून ठेवावे. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेल्या मूळ वजनातून हा आकडा वजा केला, की गळती केवढी आहे हेही कळते. गॅस काढल्यावर एसी बंद ठेवून गाडी घरी चालवत आणता येते, कारण क्लच न लागता पुली मोकळीच फिरते.

गळतीचा शोध

शोध मात्र गॅस आत असतानाच सुरू करावा, कारण गळती दाबाखालीच बोलते. पहिले साधन म्हणजे डोळे. इंजिन थंड असताना, चांगल्या प्रकाशात, कॉम्प्रेसरपासून निघून गॅस ज्या क्रमाने फिरतो त्याच क्रमाने प्रत्येक सांधा पाहावा. मध्येच उडी मारू नये. ज्या सांध्याकडे हात पोहोचत नाही, तो छोटा आरसा धरून पाहावा. तेलकट, धूळ धरलेला डाग दिसला की तिथे खडूने खूण करावी आणि पुढे जावे. एक गळती सापडली म्हणून शोध थांबवणे ही मोठी चूक आहे. वीस वर्षांच्या गाडीतल्या सगळ्या ओ-रिंगा एकाच वयाच्या असतात आणि एक कडक झाली असेल, तर तिच्या शेजारणीही त्याच वाटेवर असतात.

पुढच्या जागा विशेष लक्ष देऊन पाहाव्यात. कंडेन्सरच्या खालच्या कडा, कारण तिथे चिखल साचतो आणि ॲल्युमिनियम कुजते; कोकणात समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे ही झीज लवकर होते, आणि पुढच्या बाजूला रस्त्यावरचे खडे लागून बारीक भोके पडतात. नळ्यांचे ते टोक, जिथे रबर धातूच्या टोपीत दाबून बसवलेले असते. कॉम्प्रेसरच्या पुलीमागची जागा. तिथून तेलाचे शिंतोडे चक्राकार उडालेले दिसले, तर शाफ्टचे सील गेले आहे. हे सील तेलाच्या पातळ थरावर टिकते, म्हणून पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. आणि शेवटी गॅस भरायच्या दोन तोंडांच्या आतल्या पिना. सायकलच्या व्हॉल्व्हसारख्या दिसणाऱ्या या पिना गळतात, हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही, कारण वर प्लॅस्टिकचे टोपण असते. टोपण काढून थेंबभर साबणाचे पाणी टाकले, की लगेच कळते.

साबणाचे पाणी हे दुसरे साधन. भांडी घासायचा द्रव साबण थोड्या पाण्यात दाटसर कालवावा, फेस बसू द्यावा आणि मऊ ब्रशने सांध्यावर लावावा. मोठी गळती लगेच फसफसते. लहान गळतीला मात्र वेळ द्यावा लागतो : माझ्या गाडीतल्या त्या सांध्यावर पहिली दोन मिनिटे काहीच दिसले नाही, मग मोहरीएवढा एक बुडबुडा उभा राहिला, जागच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा झाला आणि त्याच्या शेजारी दुसरा उगवला. घाईने फडके फिरवले असते, तर तो सांधा निर्दोष म्हणून सुटला असता.

याहून बारीक गळतीसाठी चमकणारा रंग वापरतात. हा रंग तेलात मिसळून चक्रात सोडायचा, दोन-चार दिवस एसी नेहमीसारखा चालवायचा आणि मग रात्री अतिनील प्रकाशाच्या बॅटरीने सगळे सांधे पाहायचे; गळतीच्या जागी पोपटी रंग चमकतो. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असेल तर त्याचे टोक सांध्याच्या खालच्या बाजूने, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथपणे फिरवावे, कारण जड गॅस खालीच ओघळतो. वारा असेल तर डिटेक्टरवर विसंबू नये.

कूलिंग कॉइलची गळती सर्वांत अवघड, कारण कॉइल डॅशबोर्डमागे दडलेली असते. गाडी सावलीत उभी करून, इंजिन आणि ब्लोअर बंद ठेवून पंधरा मिनिटे थांबावे आणि मग डिटेक्टरचे टोक निचऱ्याच्या नळीपाशी धरावे. त्याच नळीच्या तोंडाशी पोपटी चमक किंवा तेलाचा ओघळ दिसला, तर कॉइल बदलण्याला पर्याय नाही. जुन्या छोट्या गाड्यांपैकी अनेकींत हातमोजे ठेवायचा कप्पा काढून कूलिंग युनिट खालून बाहेर येते. इतर गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि ते काम नवख्याने हाती घेऊ नये.

गॅस आधीच पूर्ण उडून गेला असेल, तर कोरड्या नायट्रोजनने दाब द्यावा लागतो. रेग्युलेटर लावल्याशिवाय नायट्रोजनचे सिलिंडर गाडीला कधीही जोडू नये, कारण भरलेल्या सिलिंडरातला दाब दोन हजार पीएसआयच्याही वर असतो. १५० पीएसआयपर्यंत दाब भरून साबण लावावा आणि काटा रात्रभर तसाच ठेवावा. तापमान दहा अंशांनी उतरले तर गळती नसतानाही सुमारे ५ पीएसआय कमी दिसतात, हे लक्षात ठेवून सकाळचे वाचन करावे. नायट्रोजनऐवजी पंक्चरच्या दुकानातली हवा भरणे टाळावे, तिच्यातून पाणी आत जाते. ऑक्सिजन तर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

गळती बुजवणारे रसायन डब्यातून आत सोडण्याचा मार्ग मी सुचवत नाही. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये घट्ट होते आणि पुढे रिकव्हरी मशीनही बिघडवते, त्यामुळे जाणकार गॅरेज अशी गाडी हाती घ्यायला कचरते. बाहेरून लुगदीचा थर देणेही टिकत नाही. अडीचशे पीएसआयचा दाब, इंजिनाची उष्णता आणि सततचा हादरा यांपुढे तो थर काही आठवड्यांत सुटतो.

सांधा उघडणे आणि जोडणे

गॅस काढून घेतल्यावर, दोन्ही काटे शून्यावर आहेत याची खात्री करूनच सांधा सोडावा. आधी सांध्याभोवतीची माती ब्रशने झाडावी, नाहीतर ती सरळ आत जाते. नट असलेला सांधा दोन पान्यांनी सोडावा : एकाने नळीकडची बाजू घट्ट धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकच पाना लावला तर ॲल्युमिनियमची नळी पिळवटते. उघडलेले प्रत्येक तोंड लगेच प्लॅस्टिकने बांधून टाकावे, कारण आतले तेल हवेतला ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात तर उघडे तोंड अर्धा तासही ठेवू नये. याच कारणासाठी तेलाची बाटली वापरून झाल्याबरोबर बंद करावी आणि मागच्या वर्षीची उघडी बाटली वापरू नये.

जुनी ओ-रिंग टोकदार सळईने न उचकटता लाकडी काडीने काढावी, म्हणजे खोबणीवर ओरखडा पडत नाही. ती हातात घेऊन पाहिली, तर बहुधा गोल राहिलेली नसते. एका अंगाने चपटी, कडक आणि बोटांनी दाबली तर तडकणारी असते. नवीन ओ-रिंग याच गॅससाठी बनवलेल्या एचएनबीआर रबराची असावी; ती बहुतेकदा हिरव्या रंगाची मिळते. हार्डवेअरच्या दुकानातली साधी रबरी कडी मापाला बसली, तरी ती या गॅसपुढे आणि तेलापुढे टिकत नाही. बसवण्यापूर्वी तिला कॉम्प्रेसरच्या तेलाचा पातळ हात द्यावा, नळी सरळ रेषेत हाताने आत ढकलावी आणि नट आधी बोटांनी पूर्ण फिरवून मगच पाना लावावा. ॲल्युमिनियमच्या आट्या मऊ असतात. जोर लावून आवळल्याने सांधा घट्ट होत नाही, त्या फक्त उडतात.

सांधा उघडलाच आहे, तर हात पोहोचतो त्या सगळ्या ओ-रिंगा आणि दोन्ही पिना त्याच वेळी बदलाव्यात. रिसीव्हर ड्रायरही बदलावा. त्यातल्या दाण्यांनी एकदा पोटभर ओलावा शोषला, की ते पुढे काहीच करू शकत नाहीत, आणि आत उरलेले पाणी गॅसशी मिळून आम्ल तयार करते. नवा ड्रायर बसवण्याच्या क्षणापर्यंत त्याची टोपणे काढू नयेत. कंडेन्सर किंवा कॉइल बदलली असेल, तर जुन्या भागाबरोबर गेलेल्या तेलाची भरपाई करावी लागते. किती मिलिलिटर, हे गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत पाहावे आणि तेल पीएजी प्रकारचे, कॉम्प्रेसरवर सांगितलेल्याच दाटपणाचे घ्यावे. छिद्र पडलेला कंडेन्सर वेल्डिंग करून घेण्यापेक्षा बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे एक भोक पडले आहे, तिथला बाकीचा पत्राही तितकाच पातळ झालेला असतो.

व्हॅक्यूम

पिवळी नळी पंपाला जोडून, गेजच्या दोन्ही झडपा उघडून पंप किमान पाऊण तास चालू ठेवावा. पावसाळ्यात किंवा चक्र बरेच दिवस उघडे राहिले असेल तर दीड तास. पंप हवा काढतो, आणि दाब पुरेसा उतरला की आतले पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफेच्या रूपात बाहेर पडते. ही दुसरी गोष्ट पहिल्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि पाच मिनिटांच्या व्हॅक्यूममध्ये ती साधत नाही.

काटा कुठे थांबावा, याबाबत आपल्याकडे एक तपशील नेहमी विसरला जातो. समुद्रसपाटीला पूर्ण निर्वात म्हणजे पाऱ्याच्या मापात सुमारे २९.९ इंच, पण उंचीबरोबर दर तीनशे मीटरला साधारण एक इंच कमी दिसतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत काटा २९च्या पुढे गेला पाहिजे. पुण्यात किंवा नाशकात तो २८च्या आसपास थांबला तर पंप खराब आहे असे समजू नये. त्यानंतर गेजच्या झडपा बंद करून मग पंप बंद करावा आणि अर्धा तास काट्याकडे पाहावे. तो हलला नाही तर पुढे जावे. काटा सरकला, तर पुन्हा शोध. मात्र व्हॅक्यूमची परीक्षा एकटी पुरेशी मानू नये, कारण तिच्यात सांध्यावर फक्त १४-१५ पीएसआयचा फरक पडतो आणि तोही उलट्या दिशेने. जी बारीक गळती २०० पीएसआयला उघडते, ती व्हॅक्यूममध्ये गप्प बसू शकते.

गॅस भरणे

गॅस वजनाने भरावा, काट्याकडे पाहून अंदाजाने नव्हे. छोट्या गाड्यांत साधारण ३५० ते ६०० ग्रॅम इतकाच गॅस मावतो, म्हणून पन्नास ग्रॅमची चूकही जाणवते. डबा सीलबंद आणि ओळखीच्या दुकानातून घ्यावा. भेसळीत ज्वालाग्राही वायू मिसळलेले असू शकतात.

डबा वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करावा. पिवळ्या नळीतली हवा डब्याच्या गॅसने क्षणभर बाहेर ढकलावी. इंजिन बंद असताना, व्हॅक्यूममुळे पहिला शे-दीडशे ग्रॅम गॅस आपोआप आत ओढला जातो. मग लाल झडप घट्ट बंद करावी, इंजिन आणि एसी चालू करावा आणि डबा उभा ठेवून, निळ्या झडपेतून थोडा-थोडा गॅस वाफेच्या रूपात सोडावा. डबा उलटा केला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो, आणि द्रव दाबला जात नसल्याने आतले भाग तुटतात. इंजिन चालू असताना लाल झडप उघडणे जिवावर बेतू शकते : कॉम्प्रेसरचा दाब उलटा डब्यात शिरतो आणि डबा फुटतो. डबा थंड पडून गॅस मंदावला, तर तो कोमट पाण्याच्या भांड्यात धरावा. पाण्यात हात सहज ठेवता आला पाहिजे. त्यावर ज्योत कधीही धरू नये.

चिठ्ठीवरचे वजन पूर्ण झाले, की डबा बंद करून दहा मिनिटे थांबावे. मधल्या जाळीत छोटा थर्मामीटर खोचून, आतली हवा फिरती ठेवून आणि इंजिन १,५०० फेऱ्यांवर ठेवून, बाहेर ३५ अंश असताना साधारण ८ ते १२ अंश मिळाले तर काम ठीक झाले आहे. हवा अजून थोडी थंड व्हावी म्हणून वर आणखी पन्नास ग्रॅम घालण्याचा मोह टाळावा. जादा गॅसने थंडावा वाढत नाही, जास्त दाबाच्या बाजूचा भार वाढतो आणि नुकतेच बसवलेले सांधे पुन्हा ताणले जातात.

आर-१२च्या गाड्या

१९९०च्या दशकाच्या मध्यापूर्वीची गाडी असेल आणि तिची चार्जिंगची तोंडे आट्यांची असतील, तर ती बहुधा आर-१२ची आहे. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या थराला घातक म्हणून हा गॅस हळूहळू बंद झाला. अशा गाडीत आर-१३४ए नुसता वरून भरू नये. जुना गॅस मशीनने काढावा, शक्य तेवढे जुने खनिज तेल काढून एस्टर तेल घालावे, सगळ्या ओ-रिंगा आणि ड्रायर बदलावा, नव्या मापाची तोंडे बसवावीत आणि मूळ वजनाच्या साधारण ८० ते ८५ टक्केच गॅस भरावा. लहान कंडेन्सरच्या गाडीत थंडावा पूर्वीपेक्षा थोडा कमी राहील, ही अपेक्षा आधीच ठेवावी.

दुरुस्तीनंतर

नळ्या काढल्यावर दोन्ही तोंडांवर साबणाचा एक थेंब टाकून पाहावा आणि प्लॅस्टिकची टोपणे त्यांच्या आतल्या रबरासकट परत बसवावीत. बॉनेटखाली, मूळ चिठ्ठीशेजारी, दुसरी एक चिठ्ठी चिकटवावी आणि तिच्यावर तारीख, भरलेल्या गॅसचे ग्रॅम, घातलेल्या तेलाचा प्रकार आणि मिलिलिटर, बदललेल्या सांध्यांची जागा आणि रंग घातला असल्यास तशी नोंद न पुसणाऱ्या शाईने लिहावी. गाडी पुढे कोणाच्याही हातात गेली, तरी त्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळेल. दुरुस्त केलेला प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून लख्ख करून ठेवावा. आठ दिवसांनी, सकाळी इंजिन थंड असताना, त्याच सांध्यावरून पांढरा कागदी रुमाल एकदा फिरवावा आणि उजेडात धरून पाहावा.